पोहण्याचा अर्ज

काही वर्षांपूर्वीच्या एप्रिलमधील गोष्ट आहे. रविवारची दुसरी मिस्सा आटोपल्यावर आमच्या धर्मग्रामाच्या गरीब साहाय्य निधीची सभा भरली होती. अर्ज नेहमीचेच होते. एका गृहस्थांना शस्त्रक्रियेनंतरच्या औषधांसाठी, एका आजीबाईंना धान्यासाठी, दोन कुटुंबांना जूनमधील वह्यापुस्तकांसाठी मदत हवी होती. शेवटचा अर्ज एका मातेचा होता. पती हयात नाहीत, एका खासगी दवाखान्यात आयाचे काम, पदरी दोन मुले. थोरला दहा वर्षांचा होता आणि त्याला सुट्टीत पोहण्याच्या वर्गाला जायचे होते. फी सहाशे रुपये होती.

सभेत कोणी रागावले नाही, कोणी त्या बाईंचा उपमर्दही केला नाही. एक सभासद एवढेच म्हणाले, "फादर, हा निधी पोटासाठी आहे, पोहण्यासाठी नाही." दुसरे सभासद निवृत्त शिक्षक होते. त्यांनी पुस्ती जोडली की आज पोहणे मंजूर केले तर उद्या कोणी चित्रकलेचा अर्ज आणील आणि परवा कोणी क्रिकेटची बॅट मागेल. मी अध्यक्ष होतो. मला त्यांचे म्हणणे पटले आणि अर्ज नामंजूर झाला. निरोप सांगण्याचे काम अर्थातच माझ्याकडे आले. त्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "वह्यांसाठी मागितले असते तर दिले असते ना, फादर?" मी होय म्हणालो. जूनमध्ये त्यांनी वह्यांसाठी अर्ज केला आणि आम्ही तो एका मिनिटात मंजूर केला.

त्या प्रश्नाने अजून माझी पाठ सोडलेली नाही. मुलाच्या वहीची जबाबदारी समाज आपली मानतो आणि त्याच्या खेळाची मानीत नाही, ही रेघ कोणी आणि कशाच्या आधारे ओढली? धर्मग्रामाच्या पेटीबाबत जो प्रश्न, तोच शासनाच्या तिजोरीबाबतही आहे. गरीब कुटुंबातील मुलांनी पोहावे, तबला शिकावा, चित्रे काढावीत, सुट्टीतील शिबिराला जावे, यासाठी जनतेचा पैसा खर्च करणे हे न्याय्य आहे की ती चैन आहे?

कायद्याने याचे उत्तर कागदावर तरी दिले आहे. 20 नोव्हेंबर 1989 रोजी संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने बालहक्क संहिता संमत केली. तिच्या 31व्या कलमात विश्रांती, फुरसत, खेळ आणि कलाजीवनातील सहभाग हे मुलाचे हक्क मानले आहेत. व्हॅटिकनच्या धर्मासनाने 1990 मध्येच या संहितेला मान्यता दिली आणि आपला देश 1992 च्या डिसेंबरात तिच्यात सामील झाला. पुढे 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेला क्रीडांगण, खेळाचे साहित्य आणि गोष्टींच्या पुस्तकांसह ग्रंथालय असावे असे नमूद झाले. हे सर्व स्तुत्य आहे. परंतु परिशिष्ट शाळेपुरते आहे. उन्हाळी सुट्टी लागून शाळेला कुलूप लागले म्हणजे त्या हक्कालाही कुलूप लागते, आणि मुलाला फुरसत मिळते ती नेमकी तेव्हाच.

माझी पिढी सेमिनरीत संत थॉमस अक्वायनस यांच्या चौकटीत घडली. त्यांच्या महाग्रंथात खेळ व विनोद यांवर एक संपूर्ण प्रकरण आहे, याचे आम्हां विद्यार्थ्यांना मोठे नवल वाटे. खेळातही सद्गुण असू शकतो, इतकेच म्हणून ते थांबत नाहीत. ज्याला खेळ व विनोद मुळीच सोसत नाही आणि जो दुसऱ्यांच्या आनंदावरही विरजण घालतो, त्याच्या ठायी दोष आहे, असे ते ठामपणे मांडतात. तेथेच त्यांनी प्रेषित योहान यांची एक जुनी आख्यायिका दिली आहे. शिष्यांसह खेळत असलेल्या प्रेषितांना पाहून काही लोकांना धक्का बसला. त्यांच्यापैकी एकाच्या हाती धनुष्य होते. योहानांनी त्याला बाण सोडावयास सांगितले, आणखी सोड म्हणाले, आणि हे तू न थांबता करू शकशील काय, असे विचारले. तो म्हणाला, तसे केले तर धनुष्य मोडेल. मनाचेही तसेच आहे, असे योहान म्हणाले. ही गोष्ट मी एकदा साक्री तालुक्यातील भिल्ल बांधवांना सांगितली, तेव्हा एक म्हातारबाबा हसले. काम संपल्यावर दोरी उतरवून ठेवावी हे त्यांना कोणा प्रेषिताने शिकवावयाची गरज नव्हती.

तथापि या दृष्टान्तात मला एक उणीव जाणवते. धनुष्य सैल करावयाचे ते पुन्हा ताणण्यासाठी. म्हणजे खेळ कामासाठी आणि विश्रांती श्रमासाठी. प्रौढ माणसाबाबत हे पुष्कळसे खरे आहे. पण सहा वर्षांची पोर अंगणात सागरगोटे खेळते ती उद्याच्या कामासाठी ताजीतवानी व्हावी म्हणून खेळते काय? तिचा खेळ कशासाठीही नाही. जखऱ्या संदेष्ट्याने पुनःस्थापित यरुशलेमचे चित्र रंगविले, तेव्हा त्याने रस्त्यांवर काठी टेकणारे वृद्ध दाखविले आणि त्याच रस्त्यांवर खेळणारी मुले-मुली दाखविली. ही मुले पुढे कोण होणार, हे तो सांगत नाही. ती खेळत आहेत, एवढ्यावरून नगरीवर परमेश्वराची कृपा झाल्याचे कळते.

आमच्या शिक्षक सभासदांविषयी एक गोष्ट नंतर माझ्या ध्यानी आली. त्यांनी अनेक वर्षे मराठी शिकविले होते आणि साने गुरुजींवर त्यांची भक्ती होती. गुरुजी अमळनेरच्या शाळेत शिक्षक होते, त्यामुळे खानदेशात ही भक्ती घरोघरी आढळते. त्यांनी 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिली. तीत पोहावयास जाण्यास घाबरणाऱ्या श्यामला आई मारून विहिरीवर पाठविते, हा प्रसंग कोणाला आठवत नाही? ते घर गरीब होते. तरीही पोहता येणे ही मुलाच्या वाढीतील आवश्यक गोष्ट आहे, याबद्दल त्या माउलीच्या मनात शंका नव्हती. आमच्या अर्जदार मातेच्या मनातही ती नव्हती. फरक इतकाच की श्यामच्या गावच्या विहिरीला फी नव्हती.

मात्र येथे भाबडेपणा नको. त्या काळच्या विहिरीत उतरण्याची मुभा गावातील प्रत्येक मुलाला होती काय? 1927 मध्ये महाडच्या चवदार तळ्याचे ओंजळभर पाणी पिण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला. आपल्या धर्मग्रामांतील अनेक कुटुंबांचे पूर्वज त्याच वस्त्यांतून आलेले आहेत, तेव्हा हे आपल्याला वेगळे सांगावयास नको. आपल्या खानदेशात आखाजीला सासुरवाशिणी माहेरी येतात, लिंबाला झोके बांधले जातात, मुली गौराईची गाणी म्हणतात. त्याच दिवशी सालदाराचे साल संपते आणि नवे सुरू होते. गावाची फुरसत तेव्हा गावाच्या झाडाखाली होती, तिला तिकीट नव्हते, हे खरे. पण सालदाराचा मुलगा त्या वेळीही गुरांमागेच असे, हेही खरे. आज सार्वजनिक जलतरण तलावाच्या फाटकावर कोणी जात विचारीत नाही, ही लहान प्रगती नव्हे. तेथे फीची पावती मागतात. जुनी भिंत जेथे पडली तेथे ही नवी भिंत उभी राहिली आहे, आणि ही भिंत पैशाची असल्यामुळे ती पैशाने ओलांडता येते. म्हणून पैसा कोणी द्यावा, हा प्रश्न मला क्षुल्लक वाटत नाही.

काही देशांनी तो गंभीरपणे घेतला आहे. जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने 9 फेब्रुवारी 2010 रोजी एक निर्णय दिला. माणसाला सन्मानाने जगण्यासाठी जे किमान लागते त्यात अन्न, वस्त्र व निवारा तर येतातच, शिवाय समाजजीवनात काही अंशी सहभागी होता येणेही येते. आणि मूल म्हणजे छोट्या आकाराचा प्रौढ नव्हे, त्याच्या गरजा वेगळ्या मोजल्या पाहिजेत, असा त्याचा आशय होता. त्यानंतर 2011 पासून तेथील गरीब कुटुंबांतील मुलांना क्रीडामंडळाची वर्गणी, संगीताची शिकवणी, सुट्टीतील सहल यांसाठी महिन्याला 10 युरो मिळू लागले. 2019 मध्ये ते 15 करण्यात आले. रक्कम तुटपुंजी आहे. शिवाय अर्ज करावा लागतो, पुरावे जोडावे लागतात, आणि पात्र मुलांपैकी पुष्कळ मुलांपर्यंत ती पोहोचतच नाही. कॅनडाने 2007 मध्ये दुसरा मार्ग धरला. मुलांच्या व्यायाम-खेळांवर पालकांनी केलेल्या खर्चावर आयकरात सूट दिली. परंतु ज्याचे उत्पन्न इतके कमी की त्याला कर भरावाच लागत नाही, त्याला सूट कशातून मिळणार? ज्यांची मुले तशीही खेळावयास जाणारच होती, त्यांच्याच पदरात ती प्रामुख्याने पडली. 2016 नंतर ती योजना बंद झाली. नाव मुलांचे आणि लाभ करदात्यांचा, असे प्रकार आपल्याकडेही होऊ शकतात, म्हणून हे लक्षात ठेवावे.

आपल्याकडे शासन मुलांच्या फुरसतीवर काहीच खर्च करीत नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. 1956 मध्ये पंडित नेहरूंच्या प्रेरणेने दिल्लीत राष्ट्रीय बालभवन सुरू झाले. महाराष्ट्राने 1967 मध्ये सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला आणि त्याखाली लहान लहान गावांतील वाचनालयांना वर्गवारीनुसार अनुदान मिळत आले आहे. आमच्यापैकी कितीतरी जणांनी बालपणीच्या सुट्ट्या अशा वाचनालयाच्या बाकावर घालविल्या आणि त्या वेळी आपल्या मौजेचा खर्च सरकार करीत आहे, हे आमच्या गावीही नव्हते. हीच मदतीची उत्तम रीत, असे मला वाटते. तेथे कोणाला आपले दारिद्र्य सिद्ध करावे लागले नाही. राज्य बालनाट्य स्पर्धा, व्यायामशाळा व क्रीडांगणे यांसाठीचे अनुदान हेही त्याच वाटेवरचे.

पण अलीकडे या खर्चाचे वळण बदलले आहे. 'खेलो इंडिया' या कार्यक्रमात 2018 मध्ये निवडक होतकरू खेळाडूंना वर्षाला 5 लाख रुपये, आठ वर्षांपर्यंत, देण्याचे जाहीर झाले. त्या मुलामुलींचे मी मनापासून अभिनंदन करतो. गरीब घरची एखादी मुलगी त्यामुळे देशासाठी धावू शकली तर त्यात सर्वांनाच आनंद आहे. तरीही हा पैसा खेळासाठी दिला जात नाही, तो पदकासाठी दिला जातो, हे आपण स्पष्ट म्हटले पाहिजे. जे मूल जिंकणार नाही, ज्याचा सूर बेताचाच आहे, जे पोहण्यात कायम शेवटून दुसरे येणार आहे, त्याचा खर्च कोणी करावयाचा? दहावीच्या परीक्षेत खेळाडूंना आणि कलांच्या परीक्षा दिलेल्यांना सवलतीचे गुण मिळू लागल्यापासून पालकही हिशेब करू लागले आहेत. मध्यंतरी एका सुशिक्षित वडिलांनी मला विचारले की, तबल्याचे किती गुण मिळतात आणि चित्रकलेचे किती. मुलाला काय आवडते, असे मी विचारले. ते म्हणाले, "त्याला विचारले नाही, फादर." मुलाला देऊ केलेला मोकळा वेळही असा हळूच शिकवणीचा तास होऊन जातो. शासनाने उद्या प्रत्येक घराला त्यासाठी पैसे दिले तर काही घरांत त्या पैशातून मुलाची उरलीसुरली संध्याकाळही विकत घेतली जाईल, अशी भीती मला वाटते.

मग पैसा कुटुंबाच्या हाती द्यावा की मैदानावर खर्च करावा? ख्रिस्तसभेची शिकवण आईवडिलांच्या बाजूची आहे. मुलाचे पहिले शिक्षक त्याचे आईवडील, असे दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने 1965 मध्ये शिक्षणविषयक घोषणापत्रात म्हटले आणि शाळा निवडण्याचे त्यांचे स्वातंत्र्य खरे ठरावे अशा रीतीने सार्वजनिक साहाय्य दिले जावे, असेही सुचविले. त्याआधी 1931 मध्ये पोप पायस अकरावे यांनी सांगून ठेविले होते की, जे लहान समूहाला करता येते ते मोठ्याने हिरावून घेऊ नये. या न्यायाने, मुलाने पोहावे की गावे हे मंत्रालयाने ठरवू नये, त्या आयाबाईंनी ठरवावे. त्यांनी ते ठरविलेही होते. येथवर मी कुटुंबाच्या हाती पैसा देण्याच्या बाजूचा आहे.

परंतु साक्री किंवा शिरपूर तालुक्यातील एखाद्या पाड्यावर हा पैसा घेऊन आईने कोठे जावे? तेथे विकत घेण्याजोगा वर्गच नाही. शहरातील पालकाला जी पावती उपयोगी पडेल ती तेथे चुलीत घालण्याच्या लायकीची आहे. तेथे मैदान हवे, पुस्तकांची पेटी हवी, आणि या दोहोंपेक्षा महत्त्वाचे म्हणजे ते उघडणारा आणि मुलांबरोबर थांबणारा एक माणूस हवा. शासनाला इमारत बांधणे जमते, हा माणूस नेमणे जमत नाही, हा माझा अनेक वर्षांचा अनुभव आहे.

आणि उसतोड कामगारांच्या मुलांचे काय? आपल्या जिल्ह्यातून आणि नंदुरबारमधून दिवाळीच्या सुमारास कुटुंबेच्या कुटुंबे कारखान्यांकडे जातात, ती उन्हाळ्यात परततात. आठ-नऊ वर्षांची मुलगी कोपीवर धाकट्या भावंडाला सांभाळते, पाणी आणते, भाकरी थापते. साखरशाळा झाल्या, मागे राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहे निघाली. या सगळ्यांत तिच्या अक्षरओळखीची काळजी थोडीफार आहे. तिच्या खेळाचा विचार कोणी केला असेल, तर तो माझ्या पाहण्यात नाही. तिला आधी वेळ हवा, आणि तो तिच्या आईवडिलांच्या मजुरीच्या दरात दडलेला आहे. धर्मासनाने 1983 मध्ये कुटुंबाच्या हक्कांची सनद प्रसिद्ध केली, तिच्या दहाव्या कलमात कामाची रचना अशी असावी की, कुटुंबाला एकत्र राहता यावे आणि निकोप करमणुकीलाही वाव मिळावा, असे म्हटले आहे. खेळाचा प्रश्न आणि मजुरीचा प्रश्न तेथे एकाच कलमात बसले आहेत, आणि मला वाटते, ते योग्य ठिकाणीच बसले आहेत.

आधी पोट, मग पोहणे, हा आमच्या सभासदांचा युक्तिवाद मी आजही हसण्यावारी नेणार नाही. निधीत हजार रुपये असतील आणि एकीकडे इन्सुलिन व दुसरीकडे पोहणे असेल, तर मी इन्सुलिनच देईन. पण त्या रविवारी तसे नव्हते. पेटीत पैसे होते आणि सर्व अर्ज मंजूर करूनही ते उरले असते. आम्ही पैशांअभावी नकार दिला नव्हता. गरिबाच्या मुलाने वही मागावी, मौज मागू नये, अशी आमची समजूत होती म्हणून दिला होता. तो मुलगा आता कमावता आहे. मागे युवकांची सहल एका धरणावर गेली होती. सगळे पाण्यात उतरले आणि तो काठावर सर्वांची घड्याळे, पाकिटे आणि मोबाइल सांभाळीत बसला. मी त्याच्याशेजारी बसलो. आम्ही हवापाण्याच्या गोष्टी बोललो.

संत जॉन बॉस्को यांच्यामागे 1840 च्या दशकात तुरीन शहरातील गवंड्यांच्या हाताखाली राबणारी, बेवारस, दांडगी मुले लागलेली असत. धर्मोपदेशाबरोबर ते त्यांना पळू देत, ओरडू देत. शहराच्या अधिकाऱ्यांना या गर्दीचा संशय येई. चरित्रकार सांगतात की, त्याच वेळी खुद्द राजाने मात्र त्या उनाड पोरांसाठी म्हणून 300 लिरांची भेट पाठविली. शासनाने मुलांच्या खेळाला दिलेले हे अनुदानच म्हणावयाचे. पण मला अधिक विचारात पाडते ती दुसरी गोष्ट: पैसे येण्यापूर्वी बॉस्कोंजवळ द्यावयास फक्त जागा होती, आणि पुष्कळदा तीही नसे. एका जागेवरून हुसकले की ते मुलांना घेऊन दुसऱ्या जागेवर जात.

हे वाचीत असता माझी नजर खिडकीबाहेर आमच्या चर्चच्या मागील मैदानाकडे गेली. त्याचे फाटक सुट्टीत बंद असे. खिडक्यांच्या काचा फुटतात, दुपारी गोंगाट होतो, बाहेरची मुले आत येतात, ही कारणे होती आणि कुलूप माझ्याच संमतीने लागले होते. शासनाने काय द्यावे, यावर मी दोन प्रवचने दिली होती. किल्ली माझ्याच कपाटात होती.

गेल्या उन्हाळ्यापासून ती किल्ली फाटकाशेजारी राहणाऱ्या एका मावशींकडे असते. त्या पाच वाजता फाटक उघडतात आणि अंधार पडला की सर्वांना ओरडून घरी पाठवितात. ख्रिस्ती कोण आणि बाहेरचे कोण, हे त्यांना ओळखता येत नाही, आणि त्या तसा प्रयत्नही करीत नाहीत. आतापर्यंत सॅक्रिस्टीच्या दोन काचा फुटल्या आहेत. त्यांचा खर्च दुरुस्तीच्या खात्यात घालावा की गरीब साहाय्य निधीच्या, हा विषय पुढील सभेच्या कार्यक्रमपत्रिकेवर आहे.